'चक्कर आली' म्हणजे नेमकं काय आलं? (डोळे, कान, तोल : नर्सिंगच्या मुलामुलींसाठी)

निवृत्त_सिस्टर · मंगळवार, रात्री ९.४०

परवा आमच्या हनुमाननगरच्या गल्लीतल्या दोन पोरी पुस्तक घेऊन घरी आल्या. बीएस्सी नर्सिंगचं दुसरं वर्ष, डोळा-कानाचं युनिट परीक्षेला, आणि परीक्षा झाली की लगेच पोस्टिंग. एकीला विचारलं, व्हर्टिगो म्हणजे काय गं? तिनं स्वल्पविरामासकट व्याख्या म्हणून दाखवली. मग विचारलं, उमरेडकडची म्हातारी समोर बसून "बाई, मले भोवंड येते" म्हणाली, तर केसपेपरवर काय लिहिशील? म्हणाली, "गिडिनेस." म्हणजे नुसतं 'चक्कर', इंग्रजीत.

तिथेच माझं डोकं फिरलं (हाही चक्करचाच एक प्रकार). म्हातारीनं चार शब्दांत जे सांगायला सुरुवात केली होती, ते या एका शब्दानं बंद करून टाकलं. मी पस्तीस वर्षं वॉर्डात काढली. त्यातून एकच गोष्ट सांगावीशी वाटते: चक्कर, "कमी दिसते", "कमी ऐकू येते" ही पेशंटची पहिली वाक्यं आहेत. दुसरं वाक्य तुम्ही विचारून काढायचं असतं, आणि पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं ते त्या दुसऱ्या वाक्यावर ठरतं.

चक्करबद्दल विचारा: "घर फिरते का, डोळ्यापुढे अंधारी येते का, की नुसता झोक जातो?"

घर फिरतं, पलंग उलटा होतो, भिंत धावते असं सांगितलं तर तो खरा व्हर्टिगो. बहुतेक वेळा गडबड आतल्या कानात असते, क्वचित मेंदूच्या मागच्या भागात. अंधारी येते, उठताना पाय लटपटतात, घाम फुटतो असं असेल तर कान सोडा आणि बीपीचं यंत्र आणा. पाच मिनिटं आडवं ठेवून एकदा बीपी घ्यायचा, उभं केल्यावर एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचा. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते पोस्चरल हायपोटेन्शन. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे, बीपीची आणि लघवीची गोळी चालू असलेला, दिवसभर एक लोटा पाणी पिणारा म्हातारा सकाळी मोरीत पडला, की आधी हेच आठवायचं. सोबत शुगरही बघा. सत्तरच्या खाली असेल तर तुमची सगळी व्हर्टिगोची थिअरी एका ग्लास साखरपाण्यात विरघळते.

आणि डोकं ठीक आहे, पण चालताना झोक जातो, अंधारात जास्त जातो असं कोणी सांगितलं तर पाय बघा. तोल सांभाळायला शरीराकडे तीन सोयी आहेत: डोळे, आतला कान, आणि तळपायाकडून व सांध्यांकडून येणारी खबर. तीनपैकी एक गेली तर माणूस दोघांवर निभावून नेतो. जुन्या मधुमेहात तळपाय बधिर होतात. असा माणूस दिवसा डोळ्यांच्या भरवशावर चालतो आणि रात्री दिवा गेला की पडतो. रॉम्बर्ग टेस्टमध्ये (पाय जुळवून उभं करून तोल बघतात ती) डोळे मिटायला सांगतात ते यासाठीच. ती करताना पेशंटच्या जवळ हात पुढे करून उभं राहायचं. टेबलामागे उभं राहून "डोळे मिटा" म्हणणारी विद्यार्थिनी मी पाहिली आहे. पेशंट पडला नाही, हे तिचं नशीब.

विचारा काय विचारायचं ते. डॉक्टर, ऑडिऑलॉजिस्ट कोणी असतील तर माझ्या चुका काढा.

---

संत्राबर्फी · मंगळवार, रात्री १०.१५

मॅडम, त्या दोघींपैकी मी नाही, पण मीसुद्धा गिडिनेसच लिहिलं असतं 🙈

बीपीपीव्ही, मेनिअर्स आणि लॅबिरिन्थायटिस या आतल्या कानाच्या तीन आजारांत माझा कायम गोंधळ होतो. तिन्हींत व्हर्टिगो, तिन्हींत उलटी. व्हायवाला कसं सांगायचं?

---

ब्रदर_अजनीवाले · मंगळवार, रात्री ११.०२

कॅज्युअल्टीतला ब्रदर आहे. मी घड्याळाने लक्षात ठेवतो.

सेकंद: बीपीपीव्ही. कुशीवर वळलं, फडताळावरचा डबा काढायला मान वर केली, की गरगर सुरू, आणि एका मिनिटाच्या आत शांत. ऐकू येण्यात काही फरक नाही. आतल्या कानात चुन्याचे बारीक कण असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत, बहुतेक वेळा मागच्या नळीत, जाऊन पडतात. डोकं हललं की ते घरंगळतात आणि मेंदूला खोटी खबर जाते. डिक्स-हॉलपाइकमध्ये डॉक्टर मान ४५ अंश वळवून पेशंटला झपकन आडवं करतात आणि डोळ्यांची थरथर बघतात. उपाय म्हणजे एप्ली, म्हणजे डोकं क्रमाने फिरवून कण परत जागेवर आणायचे. गोळीनं कण परत येत नाहीत. आपलं काम: आधी मानेचं दुखणं विचारायचं, किडनी ट्रे हाताशी ठेवायचा, आणि "आता पाच-दहा सेकंद घर फिरेल, मी धरलं आहे" हे आधी सांगायचं. न सांगता केलं तर पेशंट पुन्हा त्या टेबलावर चढत नाही.

तास: मेनिअर्स. २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत अटॅक चालतो. सोबत एका कानात दडा, घूं घूं आवाज आणि ऐकू कमी. अटॅक ओसरला की ऐकणं बऱ्यापैकी परत येतं, पण वर्षागणिक उतरत जातं. मीठ कमी. आपल्याकडे लोणचं-पापड बंद म्हटलं की पेशंट तुमच्याकडे शत्रूसारखा बघतो, पण सांगावंच लागतं.

दिवस: व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस, म्हणजे तोलाच्या नसेची सूज. बरेचदा सर्दी-तापानंतर येतो, दोन-तीन दिवस माणूस उठू शकत नाही, पण ऐकू नीट येतं. ऐकणंही गेलं तर लॅबिरिन्थायटिस.

आता जे घड्याळात बसत नाही ते. एक काका आले होते, वय साठीच्या आसपास. उलट्या आणि गरगर. आधीच्या ठिकाणी "पित्त" म्हणून उलटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलेले. मी कॉटवर बसवायला गेलो तर बसल्या बसल्याच एका बाजूला कलंडत होते. बोलणं थोडं जड. लगेच सरांना हाक मारली. लहान मेंदूचा स्ट्रोक निघाला. कानाच्या चक्करमध्ये माणूस त्रासलेला असतो, भिंत धरून का होईना पण बहुधा बसतो, चालतो. आधाराशिवाय बसताच येत नसेल, दोन-दोन दिसत असतील, जीभ जड असेल, हातपाय लुळा असेल, कधी नव्हे इतकं डोकं दुखत असेल, तर "चक्करचा पेशंट" हा शब्दसुद्धा तोंडातून काढू नका. तेवढ्यानं त्याचा नंबर रांगेत मागे जातो.

---

चष्मिष्ट · बुधवार, सकाळी ८.२०

मी नर्सिंगचा नाही, बँकेतला माणूस. चक्कर पुरे, डोळ्यांवर या. आमच्या आजोबांचा चाळिशीचा चष्मा ७२ व्या वर्षी सुटला! आता चष्म्याशिवाय पेपर वाचतात. आई म्हणते रोज सकाळी गाजराचा रस देते म्हणून. मला खरं वाटत नाही, पण वाचतात हे खरं.

---

निवृत्त_सिस्टर · बुधवार, सकाळी ९.०५

@चष्मिष्ट, आजोबांचं अभिनंदन करायच्या आधी त्यांना समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगा. वाचता येणार नाही असं मला वाटतं.

मोतीबिंदू भिंगाच्या मधोमध घट्ट होत गेला की भिंगाची ताकद वाढते. माणूस लघुदृष्टीकडे सरकतो, म्हणून जवळचं काही काळ छान दिसतं. घरात सगळे खूश. वर्षा-दोन वर्षांत ही चैन संपते. गाजराला श्रेय देऊ नका. गाजर चांगलं आहे, मोतीबिंदूशी त्याचा संबंध नाही. डोळे तपासून घ्या.

पोरींनो, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि घरोघरी असं दिसतं. तसंच "पिकू द्या, मग काढू". हा सल्ला जुन्या ऑपरेशनच्या काळातला. आता रोजच्या कामात अडचण यायला लागली की काढतात. फार पिकला तर भिंग फुगून किंवा झिरपून डोळ्यातला दाब चढतो, आणि मग सरळ ऑपरेशन अवघड होऊन बसतं.

दुसरं वाक्य इथेही विचारायचं. "कमी दिसते" म्हणजे कसं कमी दिसतं?

सगळंच धुरकट, समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा, दुखत काही नाही: मोतीबिंदू. मधलं जातं, कडेचं राहतं, दाराची जाळी वाकडी दिसते, समोरच्याचं तोंड दिसत नाही पण त्याचे जोडे दिसतात: मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग. कडेचं गेलं, मधलं शाबूत, म्हणून पेपर वाचतो पण दाराच्या चौकटीला धडकतो: काचबिंदू. एकदम काळे ठिपके, वीज चमकल्यासारखं, मग पडदा ओढल्यासारखं: रेटिना (डोळ्याचा पडदा) सुटतोय, आजच्या आज डॉक्टर. मधुमेह्याला तर "दिसतं ना नीट?" विचारूच नका. रेटिनोपथी (मधुमेहानं पडद्याची होणारी खराबी) बरीच पुढे जाईपर्यंत नीटच दिसतं. बाहुली मोठी करून वर्षातून एकदा तपासणी, दिसत असो वा नसो.

काचबिंदूचा जुनाट प्रकार असा गुपचूप येतो. अचानक येणारा मात्र आरडाओरडा करत येतो: डोळा लाल, असह्य दुखणं, दिव्याभोवती रंगीत कडी, आणि ओकाऱ्या. ओकाऱ्यांमुळे लोक त्याला पोटाच्या वॉर्डात नाहीतर अर्धशिशीच्या खात्यात टाकतात. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ असतो, या अटॅकमध्ये तो पन्नासाच्या वर जाऊ शकतो. पाठीवर झोपवा, डॉक्टरांना बोलवा, आणि बाहुली मोठी करणारा थेंब, ॲट्रोपीन वगैरे, त्या डोळ्यात चुकूनही जाऊ देऊ नका. ट्रेमध्ये सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात. मी एकदा बाटली हातात घेऊन थांबले होते. अजून आठवलं की तळहाताला घाम येतो.

---

पराटी · बुधवार, दुपारी १.३०

नमस्कार ताई. आमी यवतमाळकडचे, सध्या नागपुरात. मी नर्सिंगचा नाई पन हे सांगून ठेवतो, पोरीइले कामी येईन.

माह्या बाबाच्या डोयात तूर कापताना काडी लागली. जरासं खरचटलं म्हनलं. गावातल्या मेडिकलमधून थेंब आनले, लाल डोयाचे. दोन दिवस मस्त वाटलं. सहाव्या दिवशी बुबुयावर पांढरं फूल. नागपूरले आनलं तवा डॉक्टर म्हने बुरशी हाये, आन तुमी टाकत होते ते थेंब स्टेरॉइडचे. डोया वाचला पन नजर अर्धी गेली. कोनाले दोष देऊन काय करता? पन तवा कोनी इचारलं असतं ना, 'काय लागलं होतं डोयाले', तर बरं झालं असतं.

---

ब्रदर_अजनीवाले · बुधवार, दुपारी २.१०

@पराटी भाऊ, वाईट वाटलं. संत्राबर्फी, हे वहीत लिहून ठेव. काडी, पान, धानाचं कुसळ, पराटीचं (कपाशीचं) बोंड: झाडाचं काहीही डोळ्याला लागलं असेल तर बुरशीचा संशय आधी. स्टेरॉइडचा थेंब लाली आणि दुखणं उतरवतो, म्हणून बरं वाटतं, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. मध, तूप, आईचं दूध हेही डोळ्यात नको.

विदर्भात डोळ्याला मार लागलेला पोरगा आला, विटी लागली असेल, चेंडू लागला असेल, आणि बाहुलीपुढे रक्त साकळलं असेल, तर एक प्रश्न जास्तीचा: "सिकलसेल आहे का? घरात कोणाला आहे का? लाल कार्ड, पिवळं कार्ड?" (सिकलसेलच्या तपासणीनंतर मिळणारी कार्डं.) आपल्याकडे हा रक्ताचा आनुवंशिक आजार भरपूर. अशा मुलाच्या डोळ्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन निचरा तुंबतो. दाब थोडा वाढला तरी नस लवकर खराब होते. आणि दाब उतरवायची नेहमीची ॲसिटाझोलामाइडची गोळी पेशी आणखी वाकवू शकते. डॉक्टरांना ऑर्डर लिहायच्या आधी हे माहीत असायला हवं. ते कळवणं आपल्या हातात आहे.

आता खर्रा 🙂 हसू नका. खर्रा (तंबाखू, सुपारी, चुना) घोटताना चुन्याची पुडी दाबली आणि उडाली डोळ्यात, नाहीतर घरातल्या लहानग्यानं ती फोडली, अशी केस आपल्या नागपुरात येतच असते. चुना म्हणजे अल्कली, आम्लापेक्षा वाईट. आम्ल वरचा थर गोठवून बरेचदा तिथेच थांबतं. अल्कली चरबी विरघळवत आत शिरतं. एरवी डोळ्याच्या पेशंटची आधी नजर तपासायची, मग बाकीचं. इथे उलटं. नाव, गाव, केसपेपर सगळं नंतर, आधी धुवा. घरी असाल तर नळाखाली, दवाखान्यात सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट सेटने सोडून, निदान अर्धा तास. वरची पापणी उलटवून चुन्याचे कण ओल्या कापसाने काढा, नाहीतर तुम्ही धूत राहाल आणि तो आतून झिरपत राहील. चुन्यावर लिंबू पिळायचं शहाणपण कोणी सुचवलं तर त्याला बाहेर बसवा.

---

श्रवणवेल · बुधवार, सायंकाळी ६.४५

ऑडिऑलॉजिस्ट इकडे 🙋‍♀️ कानाला सगळ्यांनी सावत्र वागणूक दिलेली दिसतेय.

वयानं बहिरेपण येतं तेव्हा आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. म्हणजे स, श, फ, च, ख. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. तुम्ही म्हणता "सात वाजता गोळी", आजोबांना ऐकू येतं "आ... वाजता गोळी". ते आठ वाजता घेतात आणि आपण "ऐकतच नाहीत" म्हणतो. मग तुम्ही ओरडता. ओरडल्यावर आवाजाची पट्टी वर जाते, म्हणजे नेमकं जिथलं ऐकू येत नाही तिथेच. शिवाय अशा कानाला मोठा आवाज एकदम बोचतो. "काय म्हणतेस?" आणि लगेच "ओरडू नको!" ही जोडी घरोघरी माहीत असेलच. समोर या, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, जरा खालच्या पट्टीत सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. मास्क असेल तर गोळीची वेळ कागदावर मोठ्या अक्षरात.

मारबतीच्या (इडा पीडा घेऊन जा म्हणत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पुतळे काढतात त्या) मिरवणुकीत माझे स्वतःचे कान दोन दिवस वाजत होते, म्हणून हेही सांगते. ८५ डेसिबल आठ तास, ही मर्यादा. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. डीजेच्या भिंतीसमोर तर तेवढीही नाहीत.

---

चष्मिष्ट · बुधवार, सायंकाळी ७.०८

अवांतर: "इडा पीडा, रोगराई, चक्कर, बहिरेपण घेऊन जा गे मारबत!" आणि मारबतच बहिरं करून जाते 😄

---

संत्राबर्फी · बुधवार, रात्री ९.३०

श्रवणवेलताई, ट्यूनिंग फोर्कच्या ऐकण्याच्या दोन टेस्ट, रिने आणि वेबर, प्लीज. तीन वेळा पाठ केलं, तीन वेळा उलटं झालं.

---

श्रवणवेल · बुधवार, रात्री १०.००

पाठ नको करूस. आत्ता एका कानात बोट घाल आणि "म्म्म" असा आवाज काढ. आवाज कुठल्या कानात मोठा वाटला? बोट घातलेल्या ना? झाला वेबर. मळ, पाणी, फाटलेला पडदा, म्हणजे वाटेत अडथळा असेल तर कपाळावर ठेवलेल्या फोर्कचा आवाज *खराब* कानाकडे जातो, कारण त्या कानाला बाहेरचा गोंगाट कमी ऐकू येतो. नस खराब असेल तर आवाज *चांगल्या* कानाकडे जातो, कारण दुसरा कान घेतच नाही.

रिनेमध्ये आधी कानामागच्या हाडावर, मग कानापुढे हवेत. हवेतला मोठा तर रिने पॉझिटिव्ह, आणि पॉझिटिव्ह म्हणजे *नॉर्मल*. सगळ्यांचं उलटं होतं ते इथेच, कारण दवाखान्यात पॉझिटिव्ह शब्द ऐकला की आपल्याला आजारच वाटतो. नसेच्या बहिरेपणातही रिने पॉझिटिव्हच राहतो, म्हणून दोन्ही टेस्ट लागतात. फोर्क ५१२ हर्ट्झचा घ्यायचा आणि कोपरावर वाजवायचा, टेबलाच्या लोखंडी कडेवर नाही.

आणि एक गोष्ट, जिची निकड फार कमी लोकांना कळते. सकाळी उठले आणि एक कान एकदम बंद. नव्वद टक्के लोक (हा आकडा माझा, वैतागून ठोकलेला 😅) मळ समजून थेंब टाकत बसतात. अशा कानाचा वेबर चांगल्या कानाकडे गेला तर नसेचं अचानक आलेलं बहिरेपण समजा. स्टेरॉइड लवकर सुरू झालं तर ऐकणं परत येण्याची संधी असते. पंधरा दिवस थेंब टाकून आल्यावर मी फक्त ऑडिओग्राम (ऐकण्याचा आलेख) काढून देऊ शकते.

---

पराटी · गुरुवार, सकाळी ७.४०

आमची माय दर रविवारी कानात गरम तेल टाकते. तेही बंद म्हना आता!

---

निवृत्त_सिस्टर · गुरुवार, सकाळी ९.२०

@पराटी, हो, बंद. पडदा फाटलेला असेल तर तेल थेट आत जातं, आणि आपल्या पावसाळ्यात ओलसर तेलकट कान म्हणजे बुरशीला सासर-माहेर दोन्ही. मायला माझा नमस्कार सांगा. तिचं एका बाबतीत बरोबर आहे: जिवंत किडा कानात गेला तर तेलच टाकायचं. किडा मरतो, वळवळ थांबते, मग डॉक्टर काढतात. मात्र कान आधीपासून वाहत असेल तर तेही नको. हरभऱ्याचा, चिंचोक्याचा दाणा गेला तर पाण्याची पिचकारी नको, फुगून बसतो. बटनासारखा बारीक सेल गेला असेल तर काहीही न टाकता पळत दवाखाना.

कान वाहतो म्हटल्यावर *वासाचा* प्रश्न विचारा. भरपूर, शेंबडासारखं, बिनवासाचं पाणी येत असेल तर जरा निवांत. थोडंसंच, पण नाकाला पदर लावावा असा वास, तर कोलेस्टिटोमाचा (मधल्या कानात साठत वाढणाऱ्या कातडीचा) संशय. तो हाड खात मेंदूपर्यंत आणि चेहऱ्याच्या नसेपर्यंत जातो. केसपेपरवर वास लिहायला लाजू नका.

कानात थेंब टाकायचे तर बाटली आधी मुठीत धरून कोमट करा. फ्रिजमधला थेंब सरळ कानात गेला की पेशंट चक्कर येऊन ओकतो. थंड-गरम पाण्यानं आतला कान असा चाळवतो, हे रॉबर्ट बारानी यांनी उलगडलं आणि त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. तुम्ही तो प्रयोग पेशंटवर करू नका. मोठ्यांचा कान वर-मागे ओढायचा, तीन वर्षांच्या आतल्या लेकराचा खाली-मागे.

डोळ्याचे थेंबही इथेच उरकते. खालची पापणी ओढून खोबणीत *एक* थेंब. दुसरा गालावरच जातो. मग नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकावाटे रक्तात जात नाही. टिमोलॉल (काचबिंदूचा थेंब) असेल तर हे फार महत्त्वाचं. दम्याच्या पेशंटला डोळ्याच्या थेंबानं धाप लागते हे ऐकून तुमची पहिली प्रतिक्रिया "काहीतरीच!" अशी असते. दम्याचं विचारल्याशिवाय टिमोलॉलची बाटली उघडायचीच नाही. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर, मलम शेवटी.

---

ब्रदर_अजनीवाले · गुरुवार, सकाळी ११.१५

+१. आणि कानाला बाधू शकणारी इंजेक्शनं. अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, सिस्प्लॅटिन. पेशंट सहज बोलतो, "सिस्टर, कानात शिट्टी वाजते रात्रीपासून." आपण म्हणतो कूलरचा आवाज असेल. ती शिट्टी म्हणजे नस कुरकुरतेय. पुढचा डोस *द्यायच्या आधी* कळवा, दिल्यावर नाही. किडनी आधीच कमजोर असेल आणि सोबत फुरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) चालू असेल तर दुप्पट सावध. फुरोसेमाइडचा मोठा डोस शिरेतून सावकाश, मिनिटाला ४ मिलिग्रॅमच्या वर नाही. त्यानं गेलेलं ऐकणं बहुधा परत येतं. अमिकासिन-सिस्प्लॅटिननं गेलेलं परत येत नाही.

---

संत्राबर्फी · पुढच्या आठवड्यातला शनिवार, रात्री ८.५०

पेपर बरा गेला. वेबर आला होता! परीक्षा हॉलमध्ये मी कानात बोट घालून गुणगुणले, सुपरवायझरनं वर पाहिलं 😬

आता पोस्टिंगचं सांगते. चौथ्या दिवशी ऑर्थोच्या वॉर्डात एक आजी, मनगट मोडलेलं. फाइलवर "हिस्ट्री ऑफ गिडिनेस, फॉल". मी मॅडमचे तिन्ही प्रश्न विचारले. घर फिरते का? नाही. अंधारी? नाही. झोक जातो? "झोक नाही गं बाई, पायरीच वर येते." मला काही कळेना. बीपी आडवा-उभा सारखाच, शुगर १३०. मग म्हटलं, पायरी कधीपासून वर येते? म्हणाल्या, डोळ्याचं झालं तेव्हापासून.

तीन आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, भिंग बसवलंय. आणि उशाशी ठेवलेला चष्मा ऑपरेशनच्या आधीचा! जाड, दोन नंबरांचा, खाली वाचायची काच. मी तो हातात धरून खाली जमिनीकडे पाहिलं तर मलाच मळमळलं. रेसिडेंट सरांना सांगितलं. त्यांनी डोळ्याचा कॉल पाठवला आणि फाइलवरचं गिडिनेस खोडलं.

---

निवृत्त_सिस्टर · शनिवार, रात्री ९.१०

शाबास पोरी. "पायरी वर येते" हे त्यांच्याच शब्दांत लिहिलंस ना?

---

संत्राबर्फी · शनिवार, रात्री ९.१४

हो मॅडम, अवतरण चिन्हांत. सरांनी विचारलं हे काय मराठीत. मग वाचून गप्प बसले.

---

पराटी · शनिवार, रात्री ९.४०

मंग आजीनं तो चष्मा टाकला का नाई?

---

संत्राबर्फी · शनिवार, रात्री ९.५२

टाकतायत कुठे! डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नवा नंबर मिळेपर्यंत हा घालायचा नाही. मुलगा म्हणतो, दिवाळीतच केला, फ्रेम चांगली आहे. शेवटी मी चष्मा त्याच्याच खिशात ठेवायला लावला, आणि कॉटच्या डोक्याशी पाटी लावली: "आजींना एकट्यानं पायरी उतरू देऊ नका." आज सकाळी गेले तर चष्मा परत उशाशी.